सामाईक खाते

सातबाऱ्याच्या उताऱ्यात एक शब्द असा आहे की, ज्याची उमेद तलाठ्याच्या दप्तरात आणि तहसील कचेरीच्या अभिलेखांत खर्ची पडली, त्याच्याही तो पुरता हाती लागत नाही. तो शब्द म्हणजे ‘सामाईक’. जमीन वाटून देता येते, बांध घालता येतो, चतुःसीमा लिहिता येतात. परंतु एका विहिरीवर चार भावांच्या नावांपुढे जेव्हा चार-चार आण्यांचा हिस्सा लागतो, तेव्हा त्या विहिरीतले कोणते पाणी थोरल्याचे आणि कोणते धाकट्याचे, हे कोणत्याही पैमाईशीने सांगता येत नाही. वाटणीचे तंटे मी महसूल खात्यात बत्तीस वर्षे ऐकले, शेकडो फेरफारांच्या नोंदी माझ्या हाताखालून गेल्या; पण या शब्दाचा अर्थ मला प्रथम उमगला तो कचेरीत बसण्याच्याही आधी, परभणीला कॉलेजात असताना ज्या मैदानावर आम्ही रोज संध्याकाळी बास्केटबॉल खेळत असू, त्या मैदानावर.

परभणीची काळी जमीन कापसाला आणि ज्वारीला माउली असली, तरी खेळाच्या मैदानाला ती सावत्र आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात-हात खोल भेगा पडतात, आणि तिच्यात रोवलेला खांब कितीही खोल पुरला तरी दोन-चार पावसाळ्यांत कलल्यावाचून राहत नाही. आमच्या मैदानावर मुरूम पसरून, पाणी मारून आणि धुम्मस करून ती दडपलेली होती खरी. तथापि पूर्वेकडचा खांब तिने मानला नव्हता, आणि त्यामुळे त्या बाजूची कडी एका अंगाला बोटभर कलंडलेली असे. दोन्ही कड्या बैलगाडीच्या जुन्या धावेचे लोखंड तापवून गावच्या लोहाराने वळविल्या होत्या. व्यास अठरा इंच आणि जमिनीपासूनची उंची दहा फूट, हे माप त्याला कागदावर लिहून दिले, तेव्हा त्याने कागदाकडे क्षणभर पाहून ‘इतक्या वर हे चाक कशाला पाहिजे?’ असे विचारल्याचे आमचे क्रीडाशिक्षक मोठ्या प्रेमाने सांगत.

हे क्रीडाशिक्षक निजामी अमदानीत हैदराबादला शिकलेले होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादचे राज्य गेले, राज्यकारभाराची भाषा बदलली, पुढे आम्ही महाराष्ट्रात आलो. परंतु मैदानावर पाऊल पडले की गुरुजींची जिव्हा दखनीकडे वळे. ज्याच्या हातात चेंडू दोन क्षणांपेक्षा अधिक रेंगाळे, त्याला ते म्हणत, ‘गेंद अमानत है मियाँ, घर में रखना नक्को. जिसकी है उसको पहुँचा दो.’ त्या वेळी आम्हांस हा केवळ शिकविण्याचा लकबीदार प्रकार वाटे. पुढे केव्हातरी या खेळाचा इतिहास वाचनात आला, आणि गुरुजी खेळाच्या मूळ सनदेतीलच कलम सांगत होते, हे ध्यानात येऊन मन भरून आले. १८९१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकून हा खेळ सुरू केला. वर्गात अठरा विद्यार्थी म्हणून एकेका बाजूस नऊ गडी घेतले, आणि एकंदर तेरा नियम लिहिले. त्यांतील तिसरा नियम असा, की चेंडू घेऊन खेळाडूस धावता येणार नाही. जिथे तो हाती आला तिथूनच त्याने तो दुसऱ्याकडे फेकला पाहिजे. चेंडू आपटीत पुढे नेण्याची मुभा मागाहून आली. कुस्तीत मल्ल एकटा असतो. कबड्डीत चढाई करणारा आपला दम आपणच घेऊन परक्या अंगणात जातो. हे आपल्या मातीतले खेळ आहेत आणि त्यांचे तेज मी कमी लेखीत नाही. परंतु ज्याच्याजवळ आहे त्याने देऊन टाकावे, हीच ज्याची मूळ अट, असा खेळ माणसाच्या स्वभावाला निराळ्याच कसोटीवर घासतो.

मी त्या चमूतला सहावा. पाच जण खेळत आणि मी बाकावर बसून गुणपत्रक लिहीत असे. माझे अक्षर बरे होते, आणि पुढच्या आयुष्यात करावयाच्या कामाची ती जणू उमेदवारीच होती. वसतिगृहाच्या रिवाजाप्रमाणे आडनावाने कोणी कोणास हाक मारीत नसे. ज्याचे जे गाव तेच त्याचे नाव. पूर्णेकर, पाथरीकर, जिंतूरकर, सेलूकर आणि गंगाखेडकर असे आमचे पाच जण होते, आणि हिंगोली-वसमतही तेव्हा परभणी जिल्ह्यातच असल्याने, प्रेक्षकांत उभ्या असलेल्या हिंगोलीकरांना आपला एकही गडी आत नाही याचे दुःख असे.

सेलूकर आमचा कर्णधार. तो संस्कृत घेऊन बी. ए. करीत होता, आणि धनंजयाच्या ‘दशरूपका’तील नायकांचे चार प्रकार नुकतेच शिकून आल्यामुळे त्याने एका रात्री कंदिलाच्या उजेडात आमची सर्वांची प्रतवारी लावली. पाथरीकर धीरोद्धत: अभिमानी, शीघ्रकोपी, आत्मश्लाघेत रमणारा. जिंतूरकर धीरोदात्त: गंभीर, क्षमाशील, अंगीकारिले ते न सोडणारा. पूर्णेकर धीरललित: निश्चिंत, सुखी, वत्सराज उदयनासारखा. स्वतः सेलूकर चारुदत्ताच्या जातीचा, धीरप्रशांत. इतके झाल्यावर तो थबकला. कारण शास्त्राने नायक चारच सांगितले होते आणि आम्ही पाच होतो. गंगाखेडकर कोपऱ्यात बसून सदऱ्याचे बटण लावीत होता. ‘मला राहू द्या,’ एवढेच तो म्हणाला. त्या प्रतवारीवर मी पुढे वर्षभर विश्वास ठेवून होतो. कारण प्रत्येक दिवशीचा खेळ तिला पुष्टीच देत होता.

पूर्णेकराचे वडील रेल्वेत होते, आणि जंक्शनावरच्या चाळीत वाढल्यामुळे असेल, आवाज आणि वेळ ही दोन तत्त्वे त्याच्या रक्तातच होती. औरंगाबादला सामन्यांसाठी जाताना मीटरगेजच्या डब्यात डोळे मिटून बसला, तरी पुलाच्या निनादावरून आता मानवत रोड येईल, आता सेलू, आता परतूर, हे तो आधी सांगे. मैदानावर त्याचे तोंड क्षणभर बंद नसे. ‘मागं एक हाय, डावीकडं मोकळं, जिंतूर खाली, पाथरी वर, सोड, सोड’ असा त्याचा अखंड पाठ चाले, आणि बघे त्याला बडबड्या म्हणत. पाथरीकराविषयी लिहावयाचे तर त्याचा एकच नेम डोळ्यांसमोर आणला तरी पुरे. कडीपासून पंधरा-अठरा फुटांवर तो उभा राही. चेंडू छातीशी आला की तळव्यांत तो किंचित फिरवून शिवणीवर बोटांची पेरे बसवी, गुडघे लवत, आणि उजवे मनगट शेवटी असे मोडून पडे, की चेंडू गेल्यावरही पंजा काही काळ वाऱ्यात हंसाच्या मानेसारखा वाकलेला राही. पूर्वेच्या कलत्या कडीसाठी त्याने आपला नेम बोटभर सरकवून ठेवला होता. मुंबईच्या नागपाड्यातून पुढे आलेले आणि भारताचे कर्णधारपद भूषविलेले अब्बास मुंतसीर यांचे वर्तमानपत्रातील छायाचित्र त्याने पेटीच्या झाकणाला आतून चिकटविले होते; आपणही तसे व्हावयाचे, याविषयी त्याच्या मनात संशय नव्हता, आणि त्याचा तो निःशंकपणा मला सुंदर वाटे. जिंतूरकर सहा फुटांच्या वर उंच, कडीखाली उभा राहणारा, फळीवरून परतलेला प्रत्येक चेंडू आपल्याच शेतातले फळ असल्यासारखा उतरवून घेणारा. कोणी कोपर मारले तरी त्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नसे.

आता गंगाखेडकर. तो दिसावयास मध्यम बांध्याचा, वेगाने बेताचा, नेमात कच्चा. त्याच्याविषयी सांगण्यासारखे काय, असा प्रश्न मला पहिले चार-सहा महिने पडलेला होता, आणि त्याचे कारण माझ्या मांडीवरच होते. गुणपत्रकात रकाने दोन गोष्टींचे: कोणी किती गुण केले आणि कोणाचे किती फाऊल झाले. गुण करणाराच्या क्रमांकापुढे आकडा चढे. नियमभंग करणाराच्या नावापुढे चौकट भरे, आणि अशा पाच चौकटी भरल्या की तो मैदानाबाहेर जाई. म्हणजे त्या कागदाच्या दृष्टीने माणूस दोनच प्रकारांनी अस्तित्वात येऊ शकत होता, यशाने किंवा अपराधाने. गंगाखेडकराच्या नावापुढे दोन्ही अंगांनी बहुधा कोरेच असे.

एके दिवशी सहज माझ्या ध्यानात आले, की चेंडू कडीतून जाण्यापूर्वी ज्याच्या हातून सुटला, तो बहुतेक वेळा गंगाखेडकरच असतो. त्या दिवसापासून मी कागदाच्या समासात, जिथे काहीही लिहिण्याचा मला अधिकार नव्हता तिथे, पेन्सिलीने त्याच्यासाठी ठिपके देऊ लागलो. ज्या हातातून चेंडू निघाला आणि ज्याचे पर्यवसान गुणात झाले, त्या हाताला एक ठिपका. सामना संपला की ठिपके मोजावे आणि खोडरबराने पुसून टाकावे, असा माझा खाजगी नेम झाला. एका सामन्यात ते सतरा भरले होते. आणि ठिपके देता देता दुसरेही दिसू लागले. तो चेंडू नुसता देत नसे. ज्याचा त्याला देत असे. जिंतूरकराला तो उंच, फळीच्या बाजूने मिळे. सेलूकराला जमिनीवर एक टप्पा देऊन. पाथरीकराला नेमका छातीशी, आणि शिवणी आडव्या ठेवून, म्हणजे पेरे बसवावयास त्याला चेंडू फिरवावा लागू नये. देताना मात्र तो कोणाकडेच पाहत नसे. मान खाली, दृष्टी समोरच्याच्या पायांवर, आणि कान पूर्णेकराच्या पाठाकडे. बघे ज्याला बडबड म्हणत, ती एका माणसासाठी चाललेली वर्दी होती, आणि ती घेणारा हा होता. हे दोघे एरवी मैदानाबाहेर एकमेकांशी फारसे बोलतही नसत.

१९७२ च्या खरिपात पावसाने पाठ फिरविली. त्याआधीचेही साल बेताचेच होते. आता विहिरी आटल्या, कडबा विकत मिळेना, रेशनवर तांबडी मिलो ज्वारी आली, आणि वसतिगृहातील एकेक खाट रिकामी होऊ लागली. खानावळीचे पैसे भरता न आल्याने म्हणा, किंवा घरी बैल उपाशी असताना आपण चेंडू खेळतो याची लाज वाटून म्हणा, गंगाखेडकर दिवाळीला गेला तो परतलाच नाही. त्याने आपले कॅनव्हासचे बूट खाटेखाली धुऊन ठेवले होते. माझा पाय त्याच्याच मापाचा होता, म्हणून औरंगाबादच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत ते मी घातले आणि त्याच्या जागी उभा राहिलो.

त्या सामन्याचे वर्णन करावयास अजूनही माझी लेखणी धजत नाही. हरलो म्हणून नव्हे, हरणे आम्हांस ठाऊक होते. पण ज्या चार माणसांना मी वर्षभर रोज पाहत होतो, ती मला त्या दिवशी सापडेनात. पूर्णेकराने सुरुवातीला हाका दिल्या. मी त्या ऐकून मान वळवी, वळवून पाही, आणि पाहीपर्यंत मोकळी जागा बुजून जाई. पाच-सात मिनिटांनी त्याचा आवाज उतरला, आणि पूर्वार्धाची वीस मिनिटे सरण्यापूर्वी तो गप्प झाला. पाथरीकराला चेंडू कधी गुडघ्याशी मिळे, कधी खांद्यावरून. तो सावरून पेरे बसवावी तो समोर दोन हात उभे. दोन नेम हुकल्यावर त्या अभिमानी मुलाने नेम धरणेच सोडले, आणि चेंडू हाती येताच निखारा लागावा तसा तो माझ्याकडेच परत ढकलू लागला. धीरोद्धत म्हणून आम्ही ज्याला ओळखीत होतो, त्याच्या डोळ्यांत मी त्या दिवशी भीती पाहिली. जिंतूरकराकडे वरून चेंडू येईना, म्हणून तो इतरांच्या हातातून ओढून घेऊ लागला. त्या क्षमाशील पुरुषाचे पाच फाऊल उत्तरार्धाच्या मध्यालाच भरले, आणि बाकाकडे जाताना त्याने खांबावर मूठ आपटली. धीरप्रशांत सेलूकर माझ्यावर सर्वांदेखत ओरडला. परतीच्या गाडीत कोणी बोलले नाही. पुलाचा निनाद झाला. मी नकळत पूर्णेकराकडे पाहिले. तो खिडकीला कपाळ लावून बसला होता. कोणते स्टेशन येते हे त्याने सांगितले नाही.

स्वभावाच्या प्रतवारीचा छंद माणसाला फार जुना आहे. आयुर्वेदाने वात, पित्त आणि कफ यांवरून प्रकृती सांगितली, ग्रीकांनी चार रसद्रव्यांवरून माणसाचे चार प्रकार केले, समर्थांनी ‘दासबोधा’त मूर्खाची आणि पढतमूर्खाची लक्षणे मोजून दिली, कार्ल युंगचा या विषयावरचा ग्रंथ १९२१ साली निघाला, आणि त्यावरून पुढे घडविलेल्या सोळा खणांत आजकाल माझा नातू नोकरी करतो त्या कंपनीतील माणसेही बसविली जातात, असे तो सांगतो. या सर्व शास्त्रांविषयी मला आदर आहे. फक्त एवढेच विचारावेसे वाटते, की माणूस मोजताना ती त्याला एकटा का उभा करतात? पाथरीकराचा अभिमान पाथरीकराचाच होता, हे मला मान्य. पण तो गंगाखेडकराच्या हातातून येणाऱ्या चेंडूवर पोसलेला होता, आणि हात गेला तेव्हा अभिमानही गेला. जिंतूरकराच्या क्षमेत, पूर्णेकराच्या निश्चिंतपणात, सेलूकराच्या शांतीत आणखी एका माणसाचा हिस्सा होता, आणि त्या हिश्शाची नोंद कोणत्याच रकान्यात नव्हती. भरतमुनींनी रस हा नायकात किंवा नटात कोठे ठेवलेला आहे असे म्हटले नाही. विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगाने तो निष्पन्न होतो, असे म्हटले. सेलूकराने त्या रात्री नायकभेदाचे प्रकरण उघडले त्याऐवजी रसाचे उघडले असते, तर गंगाखेडकराला कोठे बसवावे हा पेच त्याला पडला नसता असे मला वाटते.

१९७३ च्या उन्हाळ्यात मला दुष्काळी कामावर हजेरी कारकुनाची तात्पुरती नेमणूक मिळाली. गंगाखेड तालुक्यातील एका पाझर तलावाच्या बांधावर मस्टर भरावयाचे, नावे पुकारावयाची, मापे घ्यावयाची. अशीच एक ओळ पुकारीत असताना त्याचे नाव माझ्या हातच्या कागदावर आले. त्याने हात वर केला आणि मला पाहून नुसता हसला. आमच्यात बोलणे झाले ते दुपारी उशिरा, मी बांधावर माप घ्यावयास गेलो तेव्हा. खोदलेल्या खड्ड्यापासून बांधाच्या माथ्यापर्यंत माणसांची साखळी उभी होती, आणि मातीने भरलेली टोपली हातोहात वर जात होती. तो साखळीच्या मध्यावर होता. त्याच्या खालच्या पायरीवर एक म्हातारी बाई होती. टोपले उचलले की ती ‘घे भाऊ’ म्हणे, आणि तो मागे न पाहता हात नेमके तिच्या हातांखाली नेई, टोपले घेई, आणि वरच्या पोराला त्याच्या कमरेच्या उंचीवर देई. पोर लहान होते. त्याला देताना तो स्वतः गुडघ्यांत वाकत होता. वरच्या टोकाला एक धिप्पाड माणूस उभा होता. मधल्या पोराने दुपारची सुकडी खावयास बाजू घेतली तेव्हा टोपले थेट त्याच्याकडे गेले, उंच, छातीशी, आणि कडा धरावयास मोकळ्या ठेवून.

मी विचारले, ‘परत यायचं नाही का?’

‘बघू. पाऊस पडला तर.’ त्याने टोपले घेतले, दिले. ‘पाथरीकर?’

‘परीक्षेला बसला नाही. गावी गेला.’

आणखी एक टोपले गेले. मग तो, नेहमीप्रमाणे माझ्या पायांकडे पाहत, म्हणाला, ‘पूर्णेकर बोलायलाय का पहिल्यावानी?’

‘न्हाई,’ मी म्हणालो. ‘तू गेल्यापासून गप झालाय.’

त्याचे हात क्षणभर हवेत थांबले. त्या सबंध दिवसात त्या साखळीत पडलेला तेवढाच खंड. ‘त्याला म्हणावं...’ असे तो म्हणू लागला होता. तोच खालून ‘घे भाऊ’ अशी हाक आली, हात मागे गेले, आणि ते वाक्य तिथेच राहिले.